'जा'ने सुरू होणारे शब्द

सोमवार, ३ जून

सून गेली. पाच आठवडे. जहाजावर राहून समुद्राच्या तळाचं मोजमाप करायचं असतं तिला. तळ आहे तिथेच आहे, तरी दर वर्षी मोजतात. तिथे फोन लागत नाही, नेट नाही. निघताना दारातून म्हणाली, "जाते, आई." तीन वर्षं सांगतेय – घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं. एकतीस वर्षं पर्यवेक्षिका होते, अख्खी शाळा सुधारली. ही एक सुधारत नाही.

निघण्याआधी मला कॉम्प्युटरसमोर बसवून तिने तिची जनावरं माझ्या हवाली केली. खरी नव्हेत – खेळातली. इंटरनेटवर कसलंसं जादूचं राज्य आहे. हजारो लोक एकाच वेळी तिथे हिंडतात, लढतात, आणि प्रत्येकाची आपापली पाळलेली जनावरं असतात. हिची तीन. सकाळी सात आणि संध्याकाळी पाचला खायला घालायचं, अंगावरून हात फिरवायचा, जरा फिरवून आणायचं. तीन दिवस हयगय झाली की जनावर निघून जातं. लेकाकडे का नाही सोपवलंस, म्हणून विचारलं. तर मागच्या वर्षी त्याच्या भरवशावर ठेवलेली खार उपाशी राहून निघून गेली म्हणे. "तुम्ही वेळ पाळता," म्हणाली. कौतुक होतं की टोमणा, अजून ठरवलेलं नाही.

सूचनांचा कागद ठेवून गेलीय. सूचना अकरा, शुद्धलेखनाच्या चुका चार. लाल पेनाने दुरुस्त केल्या.

मंगळवार, ४ जून

सात वाजता बसले. सात पस्तीसला जनावरं दिसली. मधला वेळ मी एका विहिरीभोवती गोल गोल फिरत होते.

एक लांडगा – नाव गुंड्या. करडा, दांडगा, पुढचा एक पंजा पांढरा. एक कासव, पाठीवर सामानाची पोती, नाव साहेब. आणि एक घुबड. घुबडाने मला चोच मारली.

खाली लिहायची एक पट्टी असते. तीत लिहिलेलं जनावरांनाही कळतं आणि आसपासच्या माणसांनाही. कोणत्या शब्दाला काय करायचं ते सुनेने शिकवून ठेवलंय. 'ये' म्हटलं की मागे येतात, 'बस' म्हटलं की बसतात. सूचना सातवी, खाली दोन रेघा: "'जा' लिहू नका. समोरचं जनावर कायमचं मोकळं होतं. पुन्हा धरता येत नाही." मी कशाला कोणाला जा म्हणतेय! पाहुण्यांनाही कधी म्हटलं नाही, मनात असून.

गुरुवार, ६ जून

घुबडाचं नाव कळलं. त्याच्यावर बाण नेऊन थांबलं की माहिती उघडते. नाव: पर्यवेक्षिका. स्वभाव: कडक. खाणं: वेळेवर. अंगाला हात लावून घेत नाही.

आमच्या ह्यांना दाखवलं. हसता हसता ह्यांचा चष्मा पडला. मी म्हटलं, "सून सासूला घुबड म्हणते आणि तुम्ही हसता?" तर नेहमीचंच – "अगं, जाऊ दे." ह्यांचा सगळा संसार या दोन शब्दांवर चाललाय. दूध उतू गेलं, जाऊ दे. वरच्या मजल्यावरचे पाणी सांडतात, जाऊ दे. निवृत्तीच्या समारंभात भाषणात माझं नाव चुकीचं घेतलं, तरी जाऊ दे. मी मात्र हे दोन शब्द जन्मात कधी उच्चारले नाहीत. सगळेच जाऊ दे म्हणायला लागले तर शाळा कशी चालायची?

घुबडाला पाच मिनिटं उशिरा खायला घातलं. मुद्दाम.

रविवार, ९ जून

आज एक गोष्ट घडली. उठताना सवयीने पट्टीत लिहिलं – "येते हं." आणि गुंड्या उठला, अंग झाडलं, आणि माझ्या मागोमाग पार फाटकापर्यंत आला. तिथे थांबला.

ह्यांना हाक मारून पुन्हा करून दाखवलं. पुन्हा आला! पोचवायला! लग्नाला अडतीस वर्षं झाली, हे मला कधी जिन्यापर्यंत आलेले नाहीत. तसं बोलूनही दाखवलं. "मला तो पांढरा पंजा नाही ना," म्हणाले.

बुधवार, १२ जून

जनावराच्या माहितीत 'जिव्हाळा' म्हणून एक आकडा असतो, शंभरपैकी. कासव चाळीस. घुबड सांगत नाही, तिथे नुसती रेघ. गुंड्या मी आले तेव्हा एकाहत्तर होता, आज त्र्याऐंशी. डिस्टिंक्शन.

त्याला कानामागे खाजवलेलं आवडतं. पोटावर हात नेला की उताणा पडतो. एवढं दांडगं जनावर, आणि उताणं पडून पाय झाडतं! संध्याकाळची मालिका दोन दिवस बघितली नाही. काय झालं असेल तेही मनात आलं नाही.

शनिवार, १५ जून

आमच्या कुंपणाबाहेर कंदांचा वाफा आहे, सुनेने लावलेला. जनावरांचं खाणं तिथून येतं. आज कोणीतरी अर्धा वाफा उपटून नेला. गुन्हेगार समोरच उभा होता – काळं चिलखत, शिंगांचं शिरस्त्राण, नाव काळा सरदार. जाब विचारला. उत्तर आलं: "मि नाहि घेतले." तीन शब्दांत दोन चुका. दोन्ही दाखवून दिल्या आणि मग खोटं बोलल्याबद्दल वेगळं झापलं.

रागाच्या भरात त्याला येडपट म्हटलं. (वेडपट लिहायला हवं होतं. रागात शुद्धलेखन सुटतं.) लिहिल्याबरोबर गुंड्या ताडकन उठला आणि माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. न सांगता! इतकी निष्ठा मी शिक्षकवर्गातसुद्धा पाहिली नाही.

बुधवार, १९ जून

सरदार पुन्हा आला होता. पुन्हा कंद नेले. चौकशी केली तर दातांचा डॉक्टर निघाला, सेहेचाळीस वर्षांचा, दोन पेशंटच्या मधे खेळतो. म्हटलं, लोकांच्या तोंडातलं काढायची सवय झालीय तुम्हाला. "हो ताई," म्हणाला, आणि उरलेला एक कंदही उपटला.

शुक्रवार, २१ जून

विहीणबाईंचा फोन. लेकीची खबर विचारायला केला होता, खबर माझ्याकडेही नाही. बोलायला काही उरलं नाही तेव्हा म्हणाल्या, "आणि ती आली की सांगा हं, गुंड्या बरा आहे. आता डोळ्यांनी कमी दिसतं त्याला, पण खातोय नीट."

मी म्हटलं, "मला दिसतोय की चांगला. रोज फिरवते."

"इथे माझ्या पायाशी बसलाय तो," त्या म्हणाल्या. मग उलगडा झाला. त्यांचा गुंड्या वेगळा. खरा. कुत्रा. करड्या रंगाचा, पुढचा डावा पंजा पांढरा, सून बारावीत असताना रस्त्यावरून उचलून आणलेला. बाटलीने दूध पाजून तिनेच वाढवला. ती या घरात आली तेव्हा त्यांच्याकडे राहिला.

आणि का राहिला ते मला माहीत आहे. लग्नाच्या आधी तिने याच टेबलाशी बसून विचारलं होतं, "आई, माझं कुत्रं आणलं तर चालेल का?" मी म्हटलं होतं, माणसांना शिस्त लावता लावता माझा जन्म गेला, त्यात आणखी कुत्रं नको. तिने पुन्हा कधी विषय काढला नाही. मला वाटलं, विसरली. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

पाच वाजता गुंड्याला खायला घातलं. जास्त वेळ खाजवलं. वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

मंगळवार, २५ जून

गेला. गुंड्या गेला. माझ्यामुळे.

सकाळी सरदार आला. हातात कंदांची टोपली. सगळे परत आणले होते. "ताई, मी चुकलो. माफ करा," असं लिहिलं – 'मी' दीर्घ! मला भरून आलं. चार दिवस विहीणबाईंचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. वाटलं, आपण आयुष्यभर सगळ्यांना धरूनच ठेवलं. एकदा तरी सोडून द्यावं. म्हणून लिहिलं –

"जाऊ दे."

एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा. आणि पडद्यावर आलं: गुंड्या मोकळा झाला. त्याला निरोप द्या.

उठला. अंग झाडलं. तीनदा मागे वळून बघितलं. मग रानात शिरला. मी ये ये ये लिहीत राहिले. कासव तेवढं आलं, हळूहळू, सामानासकट.

सरदाराने समजावून सांगितलं, खेळ सबंध शब्द वाचत नाही. पहिलं अक्षर बघतो. 'जागा', 'जास्त', 'जादू' – काहीही चाललं असतं. "इतके दिवस निभावलं हेच नशीब, ताई."

म्हणजे 'येते'मधलं 'ये'. 'येडपट'मधलंही 'ये'. म्हणजे तो मला पोचवायला येतच नव्हता.

जेवले नाही. हे म्हणाले, "अगं, जाऊ–" आणि माझा चेहरा बघून तिथेच थांबले.

गुरुवार, २७ जून

सरदार आणि मी रान पालथं घालतोय. तो दात काढायच्या मधे मधे येतो. एका पेशंटला जबडा उघडा ठेवून दहा मिनिटं बसवलं म्हणाला. मी त्याला रागावले आणि मग म्हटलं, उद्या पंधरा मिनिटं या.

दिसला एकदा, ओढ्यापलीकडे. हाक मारली. ओळख नाही. सूचना सातवी बरोबर आहे, मोकळं केलेलं जनावर त्या मालकाला पुन्हा धरता येत नाही. पाणी प्यायला आणि गेला. बरा दिसत होता, एवढंच.

संध्याकाळी घुबड उडून माझ्या खांद्यावर बसलं. आपणहून. चोच मारली नाही. मी काहीही लिहिलेलं नव्हतं.

शनिवार, २९ जून

सरदाराने उपाय सुचवला. दुसरा लांडगा धरायचा, तसाच करडा, तसाच एक पंजा पांढरा, आणि नाव गुंड्या ठेवायचं. "कोणाला कळतंय, ताई?"

एकतीस वर्षं मी कॉपी पकडली. बाहीतली, बुटातली, पट्टीच्या मागची. एकाने पायाच्या तळव्यावर सनावळ्या लिहिल्या होत्या, त्याला मी फक्त चालण्यावरून धरला.

होय म्हटलं.

बुधवार, ३ जुलै

धरला. चार दिवस लागले. डावा पंजा पांढरा – समोर उभं राहून तीनदा खात्री केली. नाव दिलं. जिव्हाळा बारा. 'येते' म्हटलं तर माझ्याकडे पाठ करून बसला. हे म्हणाले, "हा माझ्यावर गेलाय."

सोमवार, ८ जुलै

सून आली. काळवंडलीय, वाळलीय. पिशव्या खाली ठेवल्या, हातपाय धुतले आणि कॉम्प्युटरपाशी बसली. मी स्वयंपाकघरात उभी राहून एकच भांडं घासत होते. एक मिनिट. दोन मिनिटं. मग नुसतं, "छान सांभाळलंत, आई."

पास झाले. कॉपी करून.

मंगळवार, ९ जुलै

राहवलं नाही. कॉपी करणाऱ्याला कसं वाटतं ते मला या वयात कळलं. सकाळी चहा ठेवला आणि सगळं सांगून टाकलं – कंद, सरदार, जाऊ दे, ओढा, बारा गुणांचा लांडगा. शेवटी म्हटलं, "नजरचूक झाली."

ती कपाकडे बघत होती. म्हणाली, "मला काल पहिल्याच मिनिटाला कळलं. पांढरा पंजा उजवा आहे, आई. तुम्ही समोरून बघितलात. समोरून त्याचा उजवा आपल्या डावीकडे येतो."

"मग काल का नाही बोललीस?"

"म्हटलं, जाऊ दे."

नाक ओढलं तिने. रडली नाही, पण वेळ लागला. मलाही लागला. मग मीच म्हटलं, तो मला रोज फाटकापर्यंत पोचवायला यायचा, पण ते नुसतं अक्षर होतं, त्यात माझं काही नव्हतं. तिने मान हलवली. "नाही हो. जिव्हाळा पंचाहत्तरच्या वर असल्याशिवाय 'ये' म्हटलं तरी ढुंकून बघत नाहीत. कासव सोडून. ते चुकून येतं."

घुबडाचंही विचारलं. विचारणारच होते. म्हणाली, "लढाईत सगळी पळाली तरी ते एकटं जागचं हलत नाही. म्हणून ते नाव." आणि ती रेघ का? "शंभराच्या वर गेलं की आकडा दाखवत नाही." खरं की माझ्या समाधानासाठी, माहीत नाही. तपासून बघणार नाही.

बुधवार, १० जुलै

सुनेने जनावर मोकळं करायचा शब्द बदलला, आणि तो सबंध लिहिल्याशिवाय चालणार नाही असंही केलं. म्हणे, या घरात आता माणसांना निर्धास्तपणे 'जाऊ दे' म्हणता आलं पाहिजे. हे फार खूश. दिवसभरात नऊ वेळा म्हणाले.

नवा शब्द कुठला ठेवलास, विचारलं. म्हणाली, "तुमच्या हातून चुकूनही लिहिला जाणार नाही असा." पडदा माझ्याकडे वळवला. तिथे लिहिलं होतं: माझं चुकलं.

हे बाहेर जाऊन हसले. मीही हसले. मग भाजी चिरायला बसले आणि अर्धी चिरून झाली तरी कळलं नाही कुठली चिरतेय.

शुक्रवार, १२ जुलै

काल दिवसभर ते दोन शब्द तोंडात घोळवले. आठला. दहाला. जेवताना. एकदा 'माझं' म्हणून झालं आणि पुढे "ताट वाढ" आलं. दातांच्या डॉक्टरला लिहून विचारलं, अडकलेलं बाहेर कसं काढतात. "आधी हलवायचं ताई," म्हणाला.

शनिवार, १३ जुलै

सकाळी स्वयंपाकघरात म्हणाले. तोंडी. "तीन वर्षांपूर्वी तू कुत्र्याचं विचारलं होतंस. माझं चुकलं." तिने गॅस बंद केला. मग चपला घातल्या, विहीणबाईंना फोन लावला, गुंड्याला तयार ठेव म्हणाली आणि निघाली.

दारातून म्हणाली, "येतो, आई."

एकटी बाई निघाली तर 'येते' म्हणते. चूक सुधारायला तोंड उघडलं, आणि मग लक्षात आलं, चूक नव्हती.